कागदात न मावणारी पाठ

मैत्रिणीचा बंड्या खिडकीतून आत आलेल्या उन्हाच्या पट्ट्यात आडवा झाला होता आणि माझी भाची जमिनीवर पोट टेकून त्याचं चित्र काढत होती. बंड्या डॅशहुंड आहे, म्हणजे मूळचा जर्मन, लांब पाठीचा आणि आखूड पायांचा कुत्रा. काळा, तुकतुकीत, भुवयांच्या जागी दोन तांबूस ठिपके. भाचीने नाकापासून सुरुवात केली. नाक, निमुळतं तोंड, लोंबता कान, भरदार छाती, पुढचे आखूड पाय; एकेक अवयव तिने मन लावून, खोडरबराला हात न लावता काढला. मग पाठीची रेघ सुरू झाली आणि ती संपायच्या आत कागद संपला. मागचे पाय आणि शेपूट यांना जागाच उरली नाही. खोलीतले सगळे हसले. मैत्रीण म्हणाली, "अगं, याच्या बाबतीत हे व्हायचंच!" कुणीतरी त्या अर्ध्या कुत्र्याचा फोनवर फोटोसुद्धा काढला. भाची मात्र हसली नाही. "मावशी, अजून एक कागद दे ना," एवढंच म्हणाली. चिकटपट्टीने तिने दुसरा कागद पहिल्याला जोडला आणि रेघ जिथे अडली होती तिथूनच पुढे नेली.

ते हसणं आणि ती चिकटपट्टी, दोन्ही काही केल्या माझ्या डोक्यातून जाईनात.

डॅशहुंड दिसला की लोक हसतात. त्या हसण्यात वाईट हेतू नसतो, प्रेमच असतं बहुतेक वेळा. पण ते हसणं झालं की बघणं थांबतं, आणि माझी तक्रार तिथे आहे. फोनवर त्याचे जे फोटो फिरतात त्यांतल्या कितीतरींमध्ये त्याला हॉट डॉगच्या पावासारखा पोशाख चढवलेला असतो, नाहीतर त्याच्या शेजारी मुद्दाम एखादा उंच कुत्रा उभा केलेला असतो. असा फोटो पाहायला क्षणभर पुरतो. त्यातल्या कुत्र्याचे डोळे कसे होते, हे नंतर कुणालाच सांगता येणार नाही. पहिल्या महायुद्धात तर ही आकृती त्याला फार महागात पडली. ब्रिटन आणि अमेरिकेतल्या व्यंगचित्रांत जर्मनी म्हणून टोकदार शिरस्त्राण घातलेला डॅशहुंड येऊ लागला, आणि तिथे हे कुत्रे पाळणाऱ्यांना लोकांचा रोष सोसावा लागला. आकृतीचं एकदा चिन्ह झालं की तिच्या आत एक जीव आहे, हे विसरायला वेळ लागत नाही. पुढे १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकसाठी ओट्ल आयशर या जर्मन डिझायनरच्या चमूने त्याच आकृतीतून वाल्डी घडवला: फिकट निळं डोकं, तशीच शेपूट आणि मधल्या लांब अंगावर रंगीत पट्टे. उन्हाळी ऑलिंपिकचं ते पहिलं अधिकृत शुभचिन्ह. मॅरेथॉनचा मार्गही नकाशावर वाल्डीच्या आकाराचा दिसेल असा आखला होता. म्हणजे जगातले उत्तमोत्तम धावपटू ४२ किलोमीटरहून जास्त अंतर एका डॅशहुंडच्या कडेकडेने धावले. ही कल्पना मला मनापासून आवडते. त्या पाठीची लांबी कुणीतरी एकदा खरोखर पायांनी मोजली, असं वाटतं.

त्या दुपारी मीही भाचीच्या शेजारी आडवी झाले. उभ्याने पाहिलं की डॅशहुंड ही वरून दिसणारी एक पाठ असते. जमिनीला गाल टेकला की तो भलताच वेगळा प्राणी होतो. छाती नावेच्या तळासारखी पुढे येऊन दोन पायांच्या मधून खाली उतरलेली. पुढचे पंजे मागच्यांपेक्षा मोठे, नखं जाड आणि बोथट, मनगटाशी कातडीच्या दोन-तीन सैल वळ्या. कानाची कड इतकी पातळ, की ऊन आरपार गेलं आणि आतल्या शिरा दिसल्या. काळा म्हणतात त्या अंगावर काळा असा कुठेच नव्हता. पाठीच्या कण्यावर निळसर झाक, बरगड्यांवर तपकिरी, काखेत जवळजवळ तांबडा. श्वासाबरोबर ती सगळी लांबी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हलत होती, पण एकदम नाही. आधी छाती फुगायची, मग थोड्या वेळाने पोट. हे शरीर बॅजर या बिळात राहणाऱ्या रानटी प्राण्याच्या बिळात शिरून अंधारात एकट्याने झुंज द्यायला घडवलेलं आहे. म्हणून खोल छाती, म्हणून खोदायचे पंजे, म्हणून अंगापेक्षा मोठा वाटणारा आवाज, जो जमिनीखालून वरच्या शिकाऱ्याला ऐकू जावा. आजही या कुत्र्याचा आकार ठरवताना टेप छातीभोवती लावतात, कारण बिळात मावणार की नाही हे छातीच ठरवते. आपण ज्याला 'लांब' म्हणून हसतो, त्याच्या दृष्टीने महत्त्वाचं माप भलतंच आहे.

कलेच्या इतिहासात हा कुत्रा जमिनीच्या उंचीवरून कुणी पाहिला, हे शोधू लागले तेव्हा पहिलं नाव आलं जाकोमो बाल्ला या इटालियन चित्रकाराचं. १९१२ सालचं, साखळीला बांधलेल्या कुत्र्याच्या गतीचं त्यांचं ते चित्र अनेकांनी पाहिलेलं असतं. मूळ चित्र अमेरिकेत बफेलोच्या संग्रहालयात आहे. काळा डॅशहुंड आपल्या मालकिणीबरोबर चालला आहे. त्याच्या पायांचा धुरकट पंखा झाला आहे, शेपटी एकाच वेळी अनेक ठिकाणी आहे, कान फडफडताहेत, साखळीच्या चंदेरी कमानी हवेत एकीवर एक उमटल्या आहेत. बाल्ला यांच्यापुढे एत्येन-झ्यूल मारे या फ्रेंच शास्त्रज्ञाचे प्रयोग होते. मारे यांनी १८८०च्या दशकात चालत्या माणसाच्या, उडत्या पक्ष्याच्या हालचालीचे अनेक टप्पे एकाच काचेवर टिपले होते. म्हणजे कॅमेऱ्याने पाहिलेली गती रंगात आली, आणि ती यायला डॅशहुंड लागला. दुसरा एखादा कुत्रा तिथे चालला असता का? मला शंका आहे. उंच पायांचा कुत्रा डौलात टांगा टाकतो. त्याचं प्रत्येक पाऊल आपल्याला दिसतं. डॅशहुंडला मालकिणीच्या एका पावलाबरोबर राहायला स्वतःची कितीतरी टाकावी लागतात, आणि वरचं लांब अंग मात्र जवळपास स्थिर तरंगत राहतं. वर शांत, खाली धांदल. गती दाखवायला याहून सोयीची रचना मिळणार नाही.

त्या चित्रातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट मात्र गतीची नाही. मालकिणीचे फक्त बूट आणि झग्याची किनार दिसते. बाकीची बाई चित्राच्या बाहेर. इथे कॅनव्हास माणसाला पुरलेला नाही.

पाब्लो पिकासो आणि लंप यांची गोष्ट बरीच प्रसिद्ध आहे, तरी ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. डेव्हिड डग्लस डंकन हे कोरियाच्या युद्धात नाव झालेले छायाचित्रकार. १९५७च्या एप्रिलमध्ये ते फ्रान्समधल्या कान शहरातल्या 'ला कॅलिफोर्नी' या पिकासोंच्या घरी आले, आणि त्यांच्या गाडीत त्यांचा तरुण डॅशहुंड होता, लंप. घरी डंकन यांचा दुसरा, मोठा अफगाण हाउंड होता आणि त्याच्यापुढे लंपचं काही चालत नसे. इथे त्याने बाग पाहिली, बॉक्सर कुत्रा पाहिला, पिकासोंची शेळी पाहिली आणि मुक्काम ठोकला तो सहा वर्षांचा. पहिल्याच जेवणाच्या वेळी पिकासोंनी लंपचं चित्र एका ताटलीवर काढून दिलं. पुढे एकदा त्याच्यासाठी पुठ्ठ्याचा ससा कापला, तो लंपने तोंडात धरून पळवला आणि चावून टाकला. डंकन यांच्या फोटोंतले पिकासो मला म्हणूनच जवळचे वाटतात. इतरांच्या कॅमेऱ्यात ते छाती उघडी टाकून, डोळे रोखून 'पिकासो' झालेले असतात. लंपला उचलून घेतात तेव्हा त्यांचे ते दोन हात निव्वळ कुत्र्याचं वजन पेलत असतात, एक छातीखाली, एक मागच्या पायांखाली, जसं या कुत्र्याला उचलायला हवं तसं.

त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये पिकासो व्हेलास्केथ या स्पॅनिश चित्रकाराच्या १६५६ सालच्या 'लास मेनिनास' या राजकन्या आणि तिच्या दासींच्या चित्रासमोर बसले, म्हणजे मनाने, आणि डिसेंबर संपेपर्यंत त्या मालिकेत ५८ चित्रं झाली. ती सगळी आज बार्सिलोनाच्या पिकासो संग्रहालयात आहेत. मूळ चित्रात उजव्या कोपऱ्यात एक भलाथोरला, पेंगुळलेला राजवाड्यातला कुत्रा बसला आहे आणि राजवाड्यातल्या एका बुटक्या सेवकाने त्याच्यावर पाय ठेवला आहे. पिकासोंनी त्या जागी लंप बसवला. पहिल्या मोठ्या चित्रात सगळीकडे राखाडी छटांची गर्दी आहे. राजकन्या, दासी, आरसा, दार, कंदील टांगायचे आकडे, एकात एक घुसलेले कोन. आणि कोपऱ्यात लंप, जवळजवळ कोरा, नुसत्या बाह्यरेषेत. त्याला रंगवायची गरजच पडलेली नाही. स्पेनच्या राजघराण्याच्या इतक्या मोठ्या चित्रात आपला घरचा कुत्रा घालणं हा खोडसाळपणा होता असं पुष्कळजण म्हणतात. मला ते पटत नाही. त्या कोलाहलात नजरेला टेकायला एक साधी आडवी रेघ हवी होती, आणि ती रोज पायाशी लोळत होती.

लंपच्याच निमित्ताने एक दुखरी गोष्टही बोलायला हवी. ज्या पाठीवर चित्रकार भाळतात ती पाठ या कुत्र्यांना दगा देते. पाय आखूड करणारा बदल संशोधकांनी २००९ मध्ये शोधला, एफजीएफ४ या जनुकाची एक जादा प्रत. कॉर्गी आणि बॅसेट हाउंड यांच्याकडेही ती आहे. २०१७ मध्ये त्याच जनुकाची आणखी एक प्रत सापडली, आणि मणक्यांमधल्या चकत्या लवकर कडक होऊन सरकण्याशी तिचा संबंध दिसला. साधारण चार-पाच डॅशहुंडांतल्या एकाला आयुष्यात कधीतरी हा त्रास होतो. लंपलाही झाला. त्याचे मागचे पाय लुळे पडले होते. डंकन त्याला जर्मनीत स्टुटगार्टला घेऊन गेले, तिथल्या उपचारांनी तो पुन्हा चालू लागला, थोडा झुलत. त्यानंतरही तो कित्येक वर्षं जगला. २९ मार्च १९७३ला तो गेला आणि ८ एप्रिलला पिकासो गेले. हे वाचल्यापासून फोटोसाठी डॅशहुंडला मागच्या पायांवर उभं करणं, उंच सोफ्यावरून उडी मारायला लावणं मला बघवत नाही. त्या उडीचे फोटो सुंदर येतात, मान्य आहे. कान वर, चारही पाय हवेत, मागे ऊन. पण जमिनीवर उतरतानाचा धक्का फोटोत दिसत नाही. तो त्या मधल्या लांब भागाला एकट्याने घ्यावा लागतो.

कुत्र्याला उभं न करता त्याचं चित्र कसं काढावं, यावर डेव्हिड हॉकनी या ब्रिटिश चित्रकाराने काढलेला उपाय मला फार शहाणपणाचा वाटतो. स्टॅन्ली आणि बूजी या आपल्या दोन डॅशहुंडांची चित्रं त्यांनी लॉस एंजलिसच्या घरात १९९५ मध्ये रंगवली. त्याच्या आदल्या वर्षी त्यांचा जुना मित्र हेन्री गेल्डझालर गेला होता. कुत्रे काही सांगून बसत नाहीत. दार वाजलं की मॉडेल पसार. म्हणून हॉकनी यांनी घरात ठिकठिकाणी छोटे कॅनव्हास तयार ठेवले, कुत्र्यांच्या उंचीला खाली, रंग आधीच काढून ठेवलेले, आणि दोघं जिथे झोपतील तिथे जाऊन भराभर रंगवलं. या चित्रांमध्ये कुणी काही करत नाही. पिवळ्या-निळ्या उशीवर दोन तपकिरी देह, एकाचं तोंड दुसऱ्याच्या पाठीवर, कधी नुसती पोटं. मोठ्या चित्रकाराने कुत्र्यांची चित्रं काढावीत का, असं नाक मुरडणारे तेव्हाही होते. माझ्या मते दुःखानंतर माणसाने हात कशात गुंतवावेत याचं इतकं प्रामाणिक उत्तर क्वचित कुणी दिलं असेल. त्या चित्रांपुढे बसलं की झोपेची ऊब जाणवते. कुत्र्याच्या पोटाची ऊब, थोडासा ओलसर वास, मधेच स्वप्नात पळणारा पंजा.

अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉल यांच्याकडेही दोन डॅशहुंड होते, आर्ची आणि एमोस. पण त्यांच्या पोलरॉइड, म्हणजे झटपट छापून येणाऱ्या फोटोंपेक्षा मला आणखी मागे, पिएर बोनार या फ्रेंच चित्रकाराकडे जावंसं वाटतं. बोनार कानजवळच्या ले काने गावाच्या टेकडीवरच्या लहानशा घरात राहत, म्हणजे पिकासोंची 'ला कॅलिफोर्नी' तिथून फार लांब नाही. त्यांच्या पत्नी मार्त तासन् तास टबात पडून राहत आणि बोनार त्यांना पुन्हा पुन्हा रंगवत. शेवटचं मोठं स्नानचित्र त्यांनी १९४०च्या सुमारास सुरू केलं आणि १९४६ मध्ये संपवलं. मार्त १९४२च्या जानेवारीत गेल्या. म्हणजे चार वर्षं ते नसलेल्या माणसाला पाण्यात ठेवून रंग चढवत होते. टबातला देह विरघळत चालला आहे, फरशा जांभळ्या-सोनेरी झाल्या आहेत, खोलीच्या भिंती धड उभ्या नाहीत. आणि खाली, पायपुसण्यावर, छोटा डॅशहुंड. वर मान करून बसलेला. तो मात्र कुठेही विरघळत नाही. या चित्राविषयी लिहिणारे रंगांबद्दल भरभरून लिहितात, आणि रंग आहेतच तसे, पण त्या कुत्र्याला झाकून हे चित्र पाहावं. खोली तरंगत निघून जाते. जमीन कुठे आहे हे सांगणारा तो एकटाच आहे तिथे.

बंड्याचे फोटो काढताना हे सगळे मला सल्ला देत असतात. काळ्या डॅशहुंडने कॅमेऱ्यातलं प्रकाश मोजणारं मीटर फसतं. फ्रेमभर काळा दिसला की ते फोटो उजळ करायला जातं आणि कातडीवरची ती निळसर झाक धुऊन निघते. एक्स्पोजर, म्हणजे आत घ्यायचा प्रकाश, थोडं कमी ठेवावं लागतं, आणि ऊन बाजूने यावं लागतं. लांब तोंडाचा दुसरा प्रश्न. ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, पूर्ण उघडलं की नाक स्पष्ट येतं आणि डोळे धूसर, किंवा डोळे स्पष्ट आणि नाक धूसर. दोन्ही हवे असतील तर ॲपर्चर आवळायचं किंवा त्याच्या बाजूला जायचं. वाइड लेन्स जवळ नेली की नाक भोपळ्याएवढं होतं, त्यावर लोक हमखास हसतात, म्हणून मी ती पिशवीतच ठेवते. राहिला प्रश्न लांबीचा. पूर्ण बंड्या बाजूने घ्यायचा तर फ्रेमच्या वर-खाली खूप रिकामी जागा उरते. सुरुवातीला वाटायचं, ती कापून टाकावी. आता ती मला हवी असते. वर भिंत आहे, खाली फरशी आहे, मधून एक अंग जातंय. बघणाऱ्याच्या नजरेला डावीकडून उजवीकडे चालावं लागतं आणि चालायला वेळ लागतो. भाचीच्या दोन कागदांमधल्या जोडावर नजर अशीच जराशी अडखळून पुढे गेली होती, आणि तो अडखळण्याचा वेळच त्या चित्राची गंमत होती. पाठ लहान करून एका कागदात बसवणं तिला सहज जमलं असतं. तिने ते केलं नाही, कारण तिच्या समोर जो होता तो तेवढा होता.

आता मला बंड्याचे खोदतानाचे फोटो काढायचे आहेत. झोपलेले, उशीवरचे, खिडकीतले पुष्कळ झाले, माझे आणि जगाचेही. पण ज्या कामासाठी हे शरीर शेकडो वर्षं घडवलं गेलं, ते काम करतानाचं त्याचं चांगलं चित्र किंवा फोटो फार कमी वेळा दिसतो. मैत्रीण अंगणातला एक कोपरा द्यायला तयार आहे. शटर १/३० सेकंदाच्या आसपास ठेवून बघणार आहे, म्हणजे पंजे बाल्लांच्या चित्रासारखे धूसर होतील, माती रेघांसारखी मागे उडेल आणि धड तेवढं स्पष्ट राहील. अडचण एकच. डोकं जमिनीत गेलेलं असेल, तेव्हा डोळ्यांवर फोकस करायचा नेहमीचा नेम तिथे चालणार नाही. खांद्यावर करावा असं मी ठरवलंय; त्याचं सगळं बळ तिथूनच निघतं.